पोटातली सूज आणि माझं तोंड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जुन्या सुती साड्या फाडणं. नात दवाखान्यातून सुटणार होती. तिच्या अंगाला नवीन कापड लावायचं नाही, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच लावायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून माझ्या बायकोने पत्र्याची पेटी उघडली आणि स्वतःच्या साड्या बाहेर काढल्या. दुपारचं जेवण झालेलं. आंबिवलीच्या आमच्या खोलीत पंख्याखाली ती एका बाजूला, मी एका बाजूला. ती काठाला दाताने चीर द्यायची, मग एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, आणि दोघांनी ओढायचं.

"अहो, भिंत पाडताय काय? सरळ ओढा."

"सरळच ओढतोय. तुझी साडीच वाकडी."

"साडी नाही, तुमचा हात वाकडा. जन्मभर ओळंबा धरलात, स्वतःला कधी लावला नाहीत."

मी गवंडी होतो. प्लास्टरचं काम करायचो. त्यामुळे घरात भांडण कुठलंही असो, ओळंबा आणि थापी त्यात यायचीच. मी हसलो. ती हसली नाही. पुढच्या साडीचा काठ दातात धरून तशीच म्हणाली, "उद्या पोरगी घरी येईल. त्याच्या आत सुनेशी बोला. तिच्या आईच्या देखत बोललात ते तिच्या आईच्याच देखत परत घ्या."

"बघू."

"बघू नाही. उद्या."

मी पुढचं टोक मागितलं. तिने दिलं. सगळे तुकडे झाल्यावर तिने त्यांच्या घड्या घातल्या आणि जरा पाठ टेकते म्हणाली. ऊन उतरल्यावर मी चहा ठेवला आणि हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग जाऊन खांदा हलवला. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाला हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. तिला नसेल झाला.

तिचं ते शेवटचं मागणं कशाबद्दल होतं, ते लिहून ठेवतो. मला लिहायची सवय नाही, शाळा सातवीत सुटली. पण नात मोठी होईल, आणि आमच्या लोकांत कोणी ना कोणी तिला सांगेलच की तुझ्या आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून तुझं अंग जन्मताना सोलवटलेलं होतं. हे बोलणं पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालेलं आहे. तेव्हा खरं काय तेही माझ्याच हातचं असावं.

मुलगा आणि सून ठाण्याला बाळकुमला भाड्याने राहतात. मोठी इमारत आहे, खाली वॉचमन नाव विचारतो. सुनेला आठवा लागलेला. पहिलीच खेप. पोट ताणलं की खाज सुटते, तशी तिला सुटायची, आणि माझी बायको फोनवर तिला खोबरेल लावायला सांगायची. त्यात चंद्रग्रहण आलं.

आमच्या रत्नागिरीकडच्या गावात पोटुशी बाईला ग्रहणाचे नियम फार. विळीला हात लावायचा नाही, सुई-कातर धरायची नाही, झोपायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही. आणि अंगाला खाजवायचं नाही. पोटुशी जिथे खाजवेल तिथे पोरावर डाग उठतो. माझ्या आईने माझ्या बायकोला मुलाच्या वेळी असंच पाटावर बसवलेलं, हात मांडीवर ठेवून. पायाला मुंग्या आल्या म्हणून ती रडलेली. मुलगा गोरा-नितळ झाला, आणि आई गावभर सांगत सुटली की बघा, मी बसवली म्हणून.

ग्रहण रात्रीचं होतं पण वेध दुपारीच लागले. दुपारी सुनेचा फोन आला. माझ्या बायकोला कमी ऐकू यायचं, ती फोन स्पीकरवर टाकून बोलायची, त्यामुळे मी सगळं ऐकलं. सून म्हणाली, "आई, सकाळपासून अंग कसकसतंय. आणि थोडं थोडं पाणी जातंय असं वाटतं. डॉक्टरकडे जाऊन येऊ का?"

"अगं, विचारतेस काय? रिक्षा कर आणि जा."

मी फोन ओढून घेतला. म्हटलं, "आज वेध लागलेत. तू घराबाहेर पाऊल टाकायचं नाहीस. उद्या ग्रहण सुटलं की आंघोळ करून जा. आणि अंगाला हात लावू नकोस."

तिकडून ती म्हणाली, "बरं बाबा."

बायको म्हणाली, "अहो, पाणी जातंय म्हणतेय ती."

"तुला काय कळतं? डॉक्टरीण झालीस का तू?"

मुलगा कामावर होता, दुसऱ्या पाळीला, आणि त्या दिवशी पाळी जोडून सकाळीच घरी जाणार होता. त्याला आम्ही कोणी कळवलं नाही. बायकोने पुन्हा फोन लावला नाही. फोन माझ्या मांडीखाली होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून ताप घेऊनच दवाखान्यात गेली, आणि दुपारपर्यंत पोर बाहेर काढावी लागली. आम्ही ठाण्याला पोचलो तेव्हा नात काचेच्या पेटीत होती. मी काचेला नाक लावून बघितलं. हाताच्या पंज्यात मावेल एवढी. कातडी लाल आणि इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. मानेवर, पोटावर, मांडीच्या घड्यांत पोपडे सुटलेले, मधे मधे ओलं, भाजल्यावर होतं तसं. मी मान फिरवली. त्यानंतर मी काचेजवळ गेलोच नाही. दवाखान्यात गेलो तरी बाहेरच्या बाकावर बसायचो आणि आत गेलो होतो असं सांगायचो.

त्या पहिल्याच दिवशी त्या बाकावर मी बोललो. माझी बायको होती, मुलगा होता, आणि कल्याणहून आलेल्या विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, डबा घेऊन बसलेल्या. कोणी मला काही विचारलं नव्हतं. मीच म्हणालो, "हिने ग्रहणात पोट खाजवलं असणार. मी सांगून ठेवलेलं."

विहीणबाई म्हणाल्या, "माझी मुलगी ताप अंगात घेऊन रात्रभर खुर्चीत बसून होती हो. हात बांधून ठेवल्यासारखे ठेवले होते तिने."

"मग पोरीच्या अंगावर ते काय आहे?"

एवढ्यात सिस्टरने सुनेला चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं. दूध काढायला नेत होत्या. तिने ऐकलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता ही म्हणणार, बाबा, तुम्हीच मला थांबवलंत. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर मी आवाज चढवला असता, तेही तिला ठाऊक असणार.

मी तसं का बोललो, मला पक्कं माहीत आहे. काचेतलं ते अंग बघितल्यापासून माझ्या कानात एकच वाक्य चाललेलं, थोडं थोडं पाणी जातंय. ते बंद करायला मला दुसऱ्या कोणाचा तरी दोष पाहिजे होता. समोर तीच होती.

चार-सहा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बोलावलं. तरणी पोर, मास्क काढला की गालावर वळ दिसायचा. तिने नातीचं वजन, दूध, श्वास सगळं सांगितलं. मग विचारलं, काही शंका? मी गप्प बसायला पाहिजे होतं. मी विचारलं, "बाई, आईने ग्रहणात पोट खाजवलं तर पोराच्या कातडीला असं होतं ना?"

मुलगा म्हणाला, "बाबा, प्लीज."

डॉक्टरीण हसली नाही, हे मला तिचं आवडलं. म्हणाली, "आजोबा, आई वरून खाजवते ते बाळापर्यंत पोचत नाही. मधे आईची कातडी, चरबी, मांस, पिशवी, मग पाणी. एवढं सगळं आहे."

"मग कशाने झालं?"

"सुजेने."

मी म्हटलं, "पोरीला सूज कुठाय? ती तर काडी आहे."

"तशी सूज नाही. सांगते." आणि तिने सांगितलं. तिचे शब्द तसेच्या तसे मला येणार नाहीत, समजलं तसं लिहितो. पोटात बाळ अगदी लहान असतं तेव्हा त्याची कातडी एकाच पदराची असते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. मग तिला दुसरा पदर येतो, आणि महिने जातील तसे एकावर एक थर चढतात. खालचा भाग धाग्यांचा असतो. वरच्या थरांना तो बांधून ठेवतो. सगळ्यात वरचा थर, जो अंगातलं पाणी अंगात राखतो आणि बाहेरची घाण बाहेर ठेवतो, तो शेवटच्या महिन्यांत पक्का होतो. सुनेच्या बाबतीत पिशवीत जंतू चढले होते. जंतू आले की शरीर त्यांच्याशी लढायला आपली माणसं पाठवतं, म्हणजे पेशी. ती लढाई म्हणजे सूज.

"बोटात काटा मोडला की बोट लाल होतं, ठणकतं, गरम लागतं. तेच हे. फक्त हे पिशवीत झालं. लढाईत जे काही तयार होतं ते पाण्यात उतरलं आणि बाळ दिवसरात्र त्याच पाण्यात. मग बाळाच्या कातडीलाही सूज आली. ज्या पेशींनी थर बांधायचे त्याच पेशी लढायलाही लागल्या. कुठे थर घाईघाईत चढला, कुठे नीट चढलाच नाही, आतले धागे सैल राहिले. त्यात ती वेळेआधी आली, वरचा थर पक्का व्हायच्या आत. दोन्ही मिळून हे असं दिसतंय."

"म्हणजे सूज वाईट?"

"सूज मदतीला येते आजोबा. पण बांधकाम चालू असताना आली की मोडतोड करते. आणि खरं सांगू, कोणत्या बाळाला किती होईल ते आम्हालाही आधी सांगता येत नाही."

मला सगळं कळलं. गवंड्याला हे कळायला काय लागतं? गिलाव्याचा पहिला हात मारला, तो सुकला नाही, आणि भिंतीत आतून ओल उतरली, की दुसरा हात धरत नाही. वरून निरूचा चुना कितीही घोटा, पोपडे येणारच. अशा भिंतीचा मालक ओरडायला लागला की आम्हीच त्याला म्हणायचो, शेठ, बाहेरून कोणी नख मारून हे होत नाही, ओल कुठून येते ते बघा. साइटवर मी हे किती जणांना सांगितलं असेन. घरच्या पोरीच्या वेळी मी नख मारणारा शोधत बसलो.

मग मुलाने विचारलं, "डॉक्टर, आदल्या दिवशी आलो असतो तर?"

"पाणी जायला लागलं की लगेच यायला पाहिजे, दिवस असो की रात्र. पण सूज त्याच्या बरीच आधीपासून असणार. एका रात्रीने किती फरक पडला असता, ते मी नाही सांगू शकत. कोणीच नाही सांगू शकणार."

"आम्हाला सकाळीच कळलं हो," मुलगा म्हणाला. "नाहीतर लगेच आणलं असतं."

सून आपल्या नखांकडे बघत होती. बायको माझ्याकडे बघत होती. मी खाली फरशीकडे बघत बसलो. फरशीचे सांधे नीट भरले नव्हते.

खाली उतरल्यावर बायकोने मला रस्त्यातच धरलं. म्हणाली, "आता सांगा तिला. मुलालाही सांगा."

"डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं ना? आता मी वेगळं काय सांगू?"

"तिने सुजेचं सांगितलं. फोनचं कोण सांगणार?"

"मग तूच सांग."

"मी का? मी हिसकावला होता का फोन?"

"पोरगा मला बोलेल."

"बोलू दे की. त्याने काय तुमचं प्लास्टर पडेल?"

मी रिक्षाला हात केला आणि विषय तिथे सोडला. पण ती सोडणाऱ्यांतली नव्हती. ती रोज सकाळी डबा घेऊन ठाण्याला जायची आणि संध्याकाळी यायची. पुढे पुढे सिस्टर तिला नातीला उघड्या छातीशी धरून बसायला द्यायच्या. बाळाला ऊब मिळते, आणि सून तोवर जरा झोप घ्यायची. आली की चप्पल काढता काढता मला बातमी द्यायची, मी विचारो न विचारो. आज पोटावरचं सुकलं. आज मांडीतलं अजून ओलं आहे, मलम बदललं. आज मानेखाली नवीन कातडी दिसली, गुलाबी, आपल्या जखमेवर येते तशी. "बाहेर आल्यावर वरचा थर लवकर भरतो म्हणे. हवा लागली की," ती एकदा म्हणाली.

"सिमेंटसारखं," मी म्हणालो. माझं तोंड टीव्हीकडे होतं.

"तुमचं सिमेंट घाला खड्ड्यात. पोरीला बघायला कधी येताय?"

मी म्हणायचो, उद्या. मला काचेची भीती वाटत होती. काच म्हणजे तरी काय, त्या अंगाची. ते अंग बघितलं की मला माझाच आवाज ऐकू यायचा, अंगाला हात लावू नकोस.

आणि मधल्या दिवसांत माझं बोलणं माझ्या पुढे चालत गेलं. बायकोची बहीण डोंबिवलीला असते. ती भेटायला आली आणि दारातूनच म्हणाली, "ग्रहण बाधलं म्हणे पोरीला. आजकालच्या मुली ऐकतात कुठे?" बायको म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "सगळे म्हणतायत." बायको माझ्याकडे बघायला लागली. मी पाण्याची बाटली भरायला उठलो. तेव्हा तिथेच सांगता आलं असतं. घरात तीनच माणसं होतो, त्यातलं परकं कोणी नव्हतं. मला वाटलं, नात घरी येऊ दे, बारसं होऊ दे, सगळे खुशीत असतील तेव्हा हळूच काढू. असं म्हणत महिना गेला, आणि मग ती साड्या फाडायची दुपार आली.

बायकोला संध्याकाळीच नेलं. मुलगा ठाण्याहून आला, त्याने अग्नी दिला. सून नातीपाशी दवाखान्यात होती, तिला फोनवर कळवलं. ती फोनवर रडली ते मला लांबून ऐकू आलं. मुलाने फोन माझ्याकडे द्यायला हात पुढे केला. मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली माणसांनी भरलेली. चूल पेटवायची नाही म्हणून शेजारणीने चहा आणि पाव आणून ठेवले होते. मुलगा क्रियेला बसलेला, उपरणं गुंडाळून कोपऱ्यात चटईवर. त्याला घर सोडता येत नव्हतं, आणि नातीला तर त्याच दिवशी सोडणार होते. बाळकुमला बायको जाऊन राहणार आणि पोरीचं सगळं बघणार असं ठरलेलं होतं. आता कोण आणणार, कुठे नेणार, यावर बोलणं चाललेलं.

मेहुणी भिंतीला टेकून रडत होती. रडता रडता म्हणाली, "विहिणीला म्हणावं घेऊन जा कल्याणला, आणि इतक्यात इकडे पाठवू नका. काय पायगुण घेऊन आली बघा. स्वतः अशी जन्मली, आणि घरात यायच्या आत आजीला घेतलं. त्या दवाखान्याच्या फेऱ्या मारून मारून माझी बहीण गेली. त्या एका ग्रहणात जरा हात आवरला असता बाईने, तर आज..."

कोणीतरी हं म्हणालं. मी मुलाकडे बघितलं. तो खाली मान घालून ऐकत होता. आणि मला दिसलं की हे आता असंच राहणार. तिच्या मरणासकट हे सगळं त्या पोरीच्या आणि तिच्या आईच्या गळ्यात पडणार.

मी म्हटलं, "तिने काही खाजवलं नाही."

मेहुणी म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच तर म्हणालात..."

"मी म्हणालो. खोटं म्हणालो. पोरीच्या कातडीला जे झालं ते पिशवीतल्या सुजेने. डॉक्टरीणबाईंनी माझ्या समोर सांगितलंय. आणि ग्रहणाच्या दुपारी सुनेचा इथे फोन आलेला, पाणी जातंय म्हणून. तुझी बहीण तिला जा म्हणाली. मी फोन ओढून घेतला आणि वेध लागलेत, घरी बस म्हणून सांगितलं. एक अख्खी रात्र मी तिला बसवून ठेवलं. पायगुण बघायचाच असेल तर माझा बघ."

शेजारणीने चहाचे कप गोळा करायला घेतले, भरलेलेही. मुलाने मान वर केली. तो ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. तो म्हणाला, "मला फोन का नाही केला बाबा? मला नुसता फोन करायचा ना."

मी खुंटीवरचा शर्ट काढला आणि ठाण्याला गेलो.

वॉर्डाबाहेर तोच बाक. विहीणबाई बॅग बांधून बसलेल्या. मला बघून उठल्या. "तुम्ही कशाला आलात? घरात मयत झालंय. मी नेते तिला कल्याणला, तुम्ही काळजी करू नका." आवाज नीट होता, पण माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी म्हटलं, "विहीणबाई, या बाकावर बसून मी तुमच्या मुलीबद्दल बोललो ते खोटं होतं." आणि पुन्हा सगळं सांगितलं, घरी सांगितलं तसंच, फोनसकट. सून आतून दारात येऊन उभी राहिली होती, नात तिच्या खांद्याशी. तिने सगळं ऐकलं.

विहीणबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "आता सांगताय. ती बाई होती तेव्हा तोंड नव्हतं?"

"नव्हतं."

"महिनाभर माझी मुलगी बोलणी खातेय. माझ्या जावा मला विचारतात, तुमच्या लेकीने काय केलं म्हणून. मी सुद्धा विचारलं हो तिला. आई असून मी तिला विचारलं, खरं सांग, खाजवलंस का."

मी उभाच होतो. बसा कोणी म्हणालं नाही आणि मी बसलो नाही. मी सुनेला म्हटलं, "तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं मी."

ती म्हणाली, "मला काय सांगणार बाबा? फोनवर मीच होते ना."

खरंच होतं ते. सांगायचं होतं ते बाकीच्यांना. मग ती नातीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आई म्हणायच्या तुम्ही सांगाल. मी म्हणायचे, नाही सांगणार."

नातीला सावरून घेत तिने विचारलं, "हिला बघणार का? तुम्ही अजून नीट बघितलीच नाहीत. आत येत नव्हतात, मला माहितीये."

विहीणबाई म्हणाल्या, "अगं, सुतक आहे त्यांना. लांबूनच बघू देत."

"सुतक हिलाही आहे आई. हिचीच आजी गेलीये."

सिस्टर आतून म्हणाली, जाण्याआधी मलम कसं लावायचं ते एकदा बघून घ्या, कोण लावणार आहे घरी? सुनेने नातीला टेबलावर निजवलं आणि अंगावरचं बाजूला केलं. मी पहिल्या दिवसानंतर तेव्हाच बघितलं. पोट भरून आलेलं. कातडी अजून लालसर, पण कातडीसारखी कातडी, आतल्या शिरा दिसत नव्हत्या. पोटाच्या एका बाजूला बारीक पापुद्रे निघत होते, उन्हाने सोलवटतं तसे. मानेच्या घडीत एक पट्टा मात्र ओला होता. ती हात हलवत होती आणि तोंड वाकडं करत होती. माझ्या बायकोने मला महिनाभर जे जे सांगितलं ते सगळं तिथे होतं, जिथल्या तिथे.

मी सिस्टरला विचारलं, "मी लावू?"

"हात धुवा आधी. साबणाने, कोपरापर्यंत."

मी धुतले. माझी बोटं जाड आहेत, चुन्या-सिमेंटने खाल्लेली, नखं फुटलेली. सिस्टरने ती उलटसुलट करून बघितली. म्हणाली, "ही नको, घासतील. हे घ्या," आणि मलमात बुडवलेला मऊ बोळा माझ्या हातात दिला. "चोळायचं नाही आजोबा. लिंपायचंही नाही. नुसता टेकवायचा आणि उचलायचा."

मी टेकवला आणि उचलला. परत टेकवला. सून तिचं डोकं एका बाजूला धरून होती, घडी उघडी राहावी म्हणून. "अजून आत," ती म्हणाली. मी आत लावलं. पोर रडायच्या बेतात आली आणि रडली नाही.

मग विहीणबाई म्हणाल्या खाली रिक्षा थांबलीय. मी त्यांची बॅग उचलली आणि त्यांच्या मागून जिना उतरलो.